वाळवंटातलं ठाणं

कोन्याबुगु, ४ फेब्रुवारी

चि. झांके यास न्येबाताईचे अनेक आशीर्वाद.

तू जनरलचा संरक्षणमंत्री झाल्याचं रेडिओवर ऐकलं आणि मुसळ उखळातच टाकून अंगणात धावले. तुझे दाजी रिवाजाप्रमाणे माझ्या माहेरच्यांना चवळीखाऊ म्हणून चिडवतातच; आता म्हणतात, चवळी खाणाऱ्या घराण्याकडे संरक्षण दिलंय. देशाचं सांगता येत नाही, चवळी मात्र सुरक्षित!

बाबांना न विचारता तू पलटणीत गेलास, तेव्हा वर्षभर त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. पुढे पुलावरच्या लढाईत, कप्तान असून, जखमी जवानाला पाठीवर घेऊन तू सगळ्यांच्या मागून आलास हे कळलं, तेव्हा बाबाच गावभर सांगत सुटले. आज हवे होते रे.

माझा सेकू उत्तरेच्या ठाण्यावर आहे. मामा मंत्री म्हणून त्याला जवळ आणू नकोस, तो माझ्याशी बोलायचा नाही. कामाच्या धबडग्यात जेवण आणि ताई, दोन्हींचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
न्येबाताई

राजधानी, २० मार्च

ती. न्येबाताईस झांकेचा सलाम. वि. वि.

हे रेडिओआधी माझ्याकडून कळावं. सेकूच्या ठाण्याला बंडखोरांनी वेढा घातलाय. आत चाळीसेक जवान आहेत, पाणी जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल. मदतीची तुकडी वाटेतच अडली. बंडखोरांचा म्होरक्या इद्दर एकेकाळी माझ्या हाताखाली सुभेदार होता. मी स्वतः बोलणी करायला गेलो तर तो पोरांना सोडेल, असा त्याचा निरोप आहे. राष्ट्राध्यक्ष म्हणतात, मंत्री बंडखोरांच्या दारात जाणार नाही. गेलो तर लोक म्हणतील, भाच्यासाठी देश वाकवला. नाही गेलो तर तुला तोंड कसं दाखवू? जन्मभर हुकूम दिले, ताई. आज तू दे.

तुझा,
झांके

कोन्याबुगु, २४ मार्च

चि. झांके यास आशीर्वाद.

रडून झालं, आता लिहितेय. सेकूची आई म्हणून विचारशील तर मला बोलताच यायचं नाही. पण त्या ठाण्यात चाळीस घरची लेकरं आहेत. तेव्हा जा. फक्त सेकूला सगळ्यांत शेवटी बाहेर काढ. मग कोण काय बोलतं ते मी बघते. डोक्याला फडकं बांध, ऊन बाधतं तुला.

न्येबाताई

उत्तरेतून, ६ एप्रिल

ती. ताईस सलाम.

पत्र सेकूच्याच हाती देतोय, तेव्हा आधी त्याला पोटाशी धर, मग वाच. पोरं सुटली. सेकूला काही सांगावंच लागलं नाही. तो आपणहून रांगेत सगळ्यांत शेवटी उभा होता. त्याची पाळी आली आणि इद्दरची माणसं अडून बसली. त्यांचे कैदी सरकार सोडेपर्यंत एकाने इथे राहायचं म्हणाली. मी राहतो म्हटलं. सेकू हुज्जत घालायला लागला, मामा म्हातारे झालेत म्हणे! शेवटी जनरल म्हणून दरडावलं, तेव्हा कुठे ट्रकमध्ये चढला. ट्रक सुटायच्या आत हे लिहून त्याच्या हाती देतोय. माझं मंत्रिपद काढून घेतल्याचं रेडिओवर कळलं. इद्दर अजून साहेब म्हणतो, चहा पाजतो. काळजी नसावी.

झांके

राजधानी, १७ मे

चि. झांके यास पोटभर आशीर्वाद.

त्या सगळ्या पोरांच्या आयांना घेऊन मी राष्ट्राध्यक्षांच्या फाटकासमोर ठाण मांडलं. पहारेकरी उठा म्हणाला. त्याला विचारलं, बाबा, तुझी आई कुठल्या गावची? तो मान खाली घालून बाजूला झाला. काल सरकारने कैदी सोडले. त्यांच्यातल्याच एकाच्या हाती हे पत्र देतेय. बिचारा चांगला आहे, त्यालाही आई आहे.

सेकूच्या जागी राहताना मला एका शब्दाने विचारलं नाहीस. भयंकर रागावलेय मी. पण पत्रातून नीट रागावता येत नाही, समोर माणूस लागतं. लवकर ये.

तुझीच,
न्येबाताई