न वाजलेले तीन स्वर

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी तुम्हाला जिना चढायची बंदी केल्याचं आईकडून कळलं, आणि तुम्ही ती पाळत नाही हेही तिच्याचकडून.

पत्रास कारण, गेल्या महिन्यातला कार्यक्रम. माझं वाद्य तुम्ही पाहिलंच आहे, थिऑर्बो. लांब मानेची, चौदा तारांची जुनी वीणाच समजा; माझ्यापेक्षा वीतभर उंच. (आईने तिला अजून वाद्य म्हटलेलं नाही. ती 'शिडी' म्हणते.) तीनशे वर्षांपूर्वीच्या बरोक संगीताला तारा कशा, तर मेंढीच्या आतड्याच्या. हे मला ठाऊक होतं, पण आमच्या हार्पसिकॉर्डवाल्या, म्हणजे पियानोचा पणजोबा वाजवणाऱ्या, बाईंच्या कुत्र्यालाही ते कळेल असं वाटलं नव्हतं. तालीम संपवून आम्ही दोघी चहाला गेलो. वाद्य कोचावर, कुत्रा कोचाखाली. परत आलो तर कुत्रा कोचावर! खालच्या सुरांच्या चार लांब तारा गायब, आणि एकीचं टोक त्याच्या तोंडातून मिशीसारखं लोंबतंय. जादा तारांचं पाकीट त्याने आधीच संपवलं होतं, चवीपुरतं. (तो ठणठणीत आहे. काळजी नको.)

कार्यक्रमाला अर्धा तास उरलेला. मला रडू फुटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हात हलवत राहा. तसंही तुझं कुणाला ऐकू जात नाही."

हलवत राहिले. उरलेल्या दहा तारांवर निभावून नेलं. पण उत्तरार्धातल्या संथ रचनेत सगळे थांबतात आणि शेवटचे तीन खोल स्वर मी एकटीच वाजवते. मी डोळे मिटले, मान झुकवली आणि अंगठ्याने तीनदा हवा छेडली. सभागृहात चिडीचूप. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळ्यांना रुमाल लावला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात समीक्षकाने लिहिलं, की शेवटचे तीन स्वर इतके हळुवार होते की ते थेट मनालाच ऐकू आले.

मामा, शिव्या पचल्या असत्या, ही स्तुती पचेना. दोन दिवस तोंड लपवून फिरले आणि तिसऱ्या दिवशी त्या समीक्षकाच्या कचेरीत जाऊन थडकले. टेबलावर कागदांचा ढीग, गार झालेली कॉफी आणि पलीकडे माझ्याच वयाचा एक घाबरट माणूस. कुत्र्यासकट सगळं कबूल केलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कानापर्यंत लाल झाला होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मध्यंतरानंतर मी झोपलो होतो. ते तीन स्वर मला शेजारच्या आजोबांनी सांगितले."

शेजारच्या टेबलावरून दटावणी येईपर्यंत आम्ही हसत होतो. बाकी इकडे सर्व ठीक.

तुमची लाडकी (असं मीच ठरवलंय),
भाची

ता. क. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. आईला तुम्ही सांगा, फोनवर नको, समोर बसून. घरात दुसरा वाजवणारा नको हा तिचा हट्ट आहे. तो काहीच वाजवत नाही, हे आधी सांगा.

आणखी एक. काल माझा सराव ऐकताना तो पुन्हा झोपला. या वेळी चौदाही तारा जागेवर होत्या.