पुराव्यादाखल व्हायरस

३ जुलै, सकाळी ११
आमच्या पिंगळीच्या ऑनलाइन सेंटरातला व्हायरस मी स्वतः काढला. सूनबाई, म्हणजे भक्ती, मेकॅनिक बोलवा म्हणत होती. कशाला? बत्तीस वर्षं तहसीलमध्ये रेकॉर्ड सांभाळलं, एक चिटोरं फाडलं नाही. म्हणून काढण्याआधी व्हायरसची एक प्रत ‘पुरावा’ फोल्डरात ठेवली. कोणी खोडू नये म्हणून रीड-ओन्ली केली. उद्या कोणी विचारलं तर?

४ जुलै
अँटिव्हायरस बोंबलतोय. लाल पाटी. म्हणजे कोणीतरी पुन्हा आणला. संकल्प: लोकांचे पेनड्राइव्ह बंद.

७ जुलै
पेनड्राइव्ह बंद. तरी अलार्म चौदा वेळा. भक्ती म्हणाली, मामा, कामाला काय बी झालं न्हाई, नुसतं वरडायलंय, परभणीच्या त्या मेकॅनिकला, महारुद्रला, एकदा दाखवू. बाहेरच्याला? नाही. संशय: भक्तीचा मोबाईल. ती इथेच चार्जिंगला लावते.

९ जुलै
पीकविम्याची गर्दी. वीस माणसं. त्यात अलार्म. सगळ्यांसमोर भक्तीला झापलं, तुझ्या मोबाईलपायी लोकांचे आधार नंबर चोरीला जातील. शिस्त म्हणजे शिस्त. ती माऊस सोडून आत गेली. स्वयंपाक मात्र केला. मीठ कमी होतं.

१२ जुलै
चिरंजीव आणि भक्ती परभणीला खोली करून राहायला गेले. तिला तिथे कामही मिळालं. जाताना पाया पडली, मोबाईलचा चार्जर तेवढा काढून नेला. राग काय, चार दिवसांचा. उद्यापासून सेंटर मी एकटा चालवणार. रोज पन्नास फॉर्म.

१३ जुलै
फॉर्म दोन. त्यातला एक चुकला. लोक पेडगावच्या सेंटरला जातायत म्हणे. लोकांना निष्ठा म्हणून नाही. अलार्म अकरा. पण तिचा मोबाईल तर गेला!

१५ जुलै
महारुद्रला बोलावलं. सहज. तो म्हणाला, काका, व्हायरस पहिल्याच दिवशी मेलाय. तुमी त्याची कॉपी ठेवलाव, तिला बघून वरडायलंय. डिलीट करू का? म्हटलं, लेखी दे. तो हसला. शेवटी मीच डिलीट केलं. दिवसभर भक्तीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

१६ जुलै
भक्तीला फोन केला. अलार्म बंद झाला, परत ये म्हटलं. ती म्हणाली, मामा, चार माणसांत बोललाव, आता चार माणसांतच सांगा, माझं काय चुकलं नव्हतं म्हणून. मागणी रास्त. मंजूर केली.

१७ जुलै, संध्याकाळी ६
दहालाच सेंटर उघडलं. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाठ केलं. मी सांगणारच होतो. पण दिवसभरात कोणी आलंच नाही.