पेरूच्या आळ्यातल्या गोळ्या

दादा,

आबांना घेऊन मानवतला दवाखान्यात जायलेय. तुझा फोन लागेना, म्हणून लिहून ठेवलं. पेरूच्या आळ्यात ते किडीचं औषध ओतू नकोस. पानं हुमणीच्या अळीनं गळत नव्हती.

सकाळी हुमणी सापडते का बघावं म्हणून मी बुडाशी उकरलं, तर मातीतून गोळ्याच निघायल्या! आबांच्या बीपीच्या. रोज आपल्यासमोर गोळी तोंडात टाकायचे, गालात धरायचे, अन् खुरपं घेऊन परसात जायचे. आपल्याला वाटायचं झाडाची माया लय हाय. ते गोळी पुरायचे. रोज उकरून कोवळ्या मुळ्या तुटल्या, झाड कशावर जगावं?

मी ओंजळ तशीच त्यांच्यासमोर धरली. तर म्हणले, "गोळी घेतली की चक्कर येती, निकिता. तुझ्या दादाला कळलं तर मला मळ्यात जाऊ देणार नाही."

शेजारच्या पारूकाकूंच्या मशीनवर बीपी बघितलं. आकडा बघून काकू पळत जाऊन ऑटो घेऊन आल्या.

डॉक्टरांना गोळी बदलून मागते. तू थेट दवाखान्यात ये, पण ओरडू नकोस. आबा ऑटोत बसलेत अन् तिथूनच विचारायलेत, "दादाला काय लिहायलीस गं?" जरा चक्कर आली एवढंच लिहिलंय, असं मी सांगितलंय. तूबी तेवढंच माहीत असल्यासारखं कर.

निकिता