घाबरं होतं का?

आबा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा तोंड वर करून बोलायची माझी टाप नव्हती, आणि आता ऐकायला तुम्ही नाही.

शहाद्याचा तो दवाखाना आठवतो? एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं, तुमचा साखरेचा आजार जुना झाला होता. दर खेपेला कंपाउंडर निळ्या औषधात लघवी तापवायचा, नळीतला रंग विटकरी झाला, म्हणजे साखर वाढलेली निघाली, की घरी तुमच्या चहातली साखर बंद व्हायची. त्या दिवशी नवा डॉक्टर मात्र भलतंच विचारत होता. तुमचे भाऊ, माझे काका, कशाने गेले, बिडी किती ओढता, छातीत दुखतं का. साखरेच्या माणसाचं हृदय बिघडतं आणि कधी दुखतही नाही, म्हणून खोदून विचारतो, असं म्हणाला. तुम्ही नाही नाही म्हणत होतात. मग तो म्हणाला, "चालताना घाबरं होतं का?" पुण्याकडचा पोरगा, जीव कासावीस होतो का, एवढंच त्याला हवं होतं. तुम्ही ताठ झालात. "मी कोनाले घाबरत नही, साहेब. आख्खं जिन मन्हा हाताखाल शे." कापसाच्या जिनातले मुकादम तुम्ही, भिता का असं कोणी विचारावं! डॉक्टर हसला, मीही हसले. हृदय तपासायला तुम्हाला धुळ्याला पाठवायचं त्याच्या मनात होतं, ते त्या हसण्यात राहून गेलं.

पुढच्या हंगामात तुम्ही जिनातच गाठींना टेकून बसलात ते उठलाच नाहीत. माय नंतर चुलीपुढे बसून तुमच्याबद्दल सांगायची, "रोज जिनमाईन येवावर ओट्यावर बठी ऱ्हायेत. घामघूम. मी म्हनू, काय व्हयनं? तर म्हनेत, काही नही, तू चहा ठेव." रोज जिनातून आलात की असं, आबा! आणि डॉक्टरसमोर तुमचा रुबाब. त्या एका शब्दापायी माझं माहेर संपलं. माय पुढे जगली, पण नुसती जगली. लोक म्हणतात काळ गेला की दुःख निवतं. माझं काही निवलं नाही.

आता साखर माझ्याकडे आली आहे. इथली डॉक्टरीण म्हणाली, दुखत नसलं तरी धुळ्याला जाऊन हृदय तपासून घ्या, तुमच्या वडिलांचं ऐकून मला बरं वाटत नाही. लेक सोबत यायला निघाली होती, मी तिला थांबवलं. शहाद्याच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली, भरली, सुटली. मी बाकावरच बसून राहिले. संध्याकाळी घरी आले आणि सगळं चांगलं निघालं म्हणून सांगितलं. लेकीने शेजारणीलाही सांगून टाकलं, इतकी खूश झाली. म्हणून हे लिहिलेलं मी घरात कुणाच्या हाती लागू देणार नाही. आबा, मला फार भीती वाटते.