जागची न हलणारी होडी

ती. अण्णांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा परदेशातून वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता वळतो का? वहिनींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि तुमची बहीण कालपासून माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही जाणताच, दुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली केलं तरी बिघडलेलं यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात. (न बिघडलेलं दिसलं तरी शिवशिवतात, असं ही म्हणते. लक्ष देऊ नका.) परवा हॉटेलातला शॉवर जरा उघडून पाहिला, तर खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या अंथरुणात पाणी गेलं. हिने निक्षून सांगितलं, "आता एक जरी स्क्रू काढलात, तर विमानतळावरून थेट अण्णाकडे जाईन आणि परत येणार नाही." मी शपथ घेतली. मनापासून घेतली हो!

काल डोंगरातल्या तळ्यावर गेलो. वर बर्फ, खाली निळंशार पाणी आणि पायडल मारून चालवायच्या होड्या! नावाडी तिकिटं फाडण्यात गुंग, म्हणून हिला मिनतवाऱ्या करून मीच एकीत बसवलं. चार हात गेलो आणि होडी थांबली. जाईना म्हणजे जाईना! मी घामाघूम, ही शेंगदाणे खातेय. आता तुम्हीच सांगा, भर तळ्यात (काठापासून चार हातांवर, पण पाणी ते पाणीच) बायकोचा जीव धोक्यात असताना शपथ काय पाळायची? मी स्क्रू ड्रायव्हर काढला. झाकण उघडलं, साखळी सोडवली, ती ठणठणीत. तेवढ्यात नावाडी धावत आला आणि आमच्या मागे हात करून ओरडू लागला. भाषा कळली नाही, पण कारागिराचा इशारा कारागिराला कळतो. मागचा पंखा बघा, म्हणत होता. मी पालथा पडून पंखा सोडवला. तो सुटला आणि गेला तळाशी. मागोमाग साखळी. मग स्क्रू ड्रायव्हर. नावाड्याने कपाळावर हात मारला. (मालच असला भिकार, मग त्याला तरी बोलायला तोंड कुठे होतं!) मी पाण्यात डोकं घालून पंखा शोधत असताना होडी आपोआप काठाला लागली. वारा फिरला असावा.

ही उतरली, माझ्याकडे एकदा पाहिलं, तेव्हापासून अवाक्षर नाही. अण्णा, थट्टा नाही. ती नसेल तर त्या घरात मी करू काय?

तुमचा धास्तावलेला,
मेहुणा

ता. क. ही आलीच, तर घरात जागा नाही म्हणून सांगा. वहिनींचं सगळं माहेर राहायला आलंय म्हणा.

ता. ता. क. निघण्याआधी तुमचा मिक्सर मी जरा उघडला होता. चालू करू नका.

अण्णा, पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून तुझ्या बहिणीच्या चार ओळी. होडी धक्क्याला बांधलेली होती. दोर मला चढतानाच दिसला, म्हणून तर बसले. खोल पाण्याची मला किती भीती ते तुला ठाऊक आहे. नावाडी तो दोरच दाखवत होता, आणि त्यानेच ओढून आम्हाला काठाला आणलं. मी बोलत नाही, कारण तोंड उघडलं की हसू फुटेल. ह्यांना सोडून कुठे जातेय मी! पण दोन दिवस घाबरू देत, हॉटेलातला पंखा तरी वाचेल. ह्यांनी नवा स्क्रू ड्रायव्हर घेतलाय, उद्या पुन्हा होडीत बसू म्हणतात. गाठ कशी मारायची ते मी नावाड्याकडून शिकून घेतलंय.