हिरवी रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा चपला काढा, पुन्हा कोपरापर्यंत हात धुवा, पुन्हा तो गुडघ्याखाली लोंबणारा डगला घाला. आणि एवढं करून आत गेलं की सिस्टर म्हणणार, "आजी, पाचच मिनिटं हं!" मी या मुलाची आजी आहे, शाळा तपासायला आलेली साहेबीण नाही!

पण पेटीपाशी गेले की माझ्या तोंडाची तोफ थंडावते. काचेच्या पेटीत एवढासा जीव. लेकीचे दिवस भरायच्या कितीतरी आधी आला, घाई झाली होती महाराजांना! नखं मात्र पुरी. कान थोडे चुरगळलेले. तोंडात नळी, नळी मशीनला. मशीन श्वास देतं तशी छाती हलते.

आज तो रडला. तोंड वासलं, कपाळाला आठ्या पडल्या, मुठी आवळल्या — आणि आवाज नाही! मला वाटलं, माझेच कान गेले. सिस्टर म्हणाल्या, "नळी स्वरतंतूंमधून जाते ना. ती आहे तोवर रडणं दिसतं फक्त."

जन्मभर पोरांना गप्प बसवायचा पगार घेतला मी. आज हात जोडून उभी होते — ओरड रे, एकदा तरी!

लेक बाहेर बाकावर बसून असते. दूध काढून आत पाठवते, स्वतः येत नाही. "आत मशीन श्वास घेतंय, आई. मशीनला काय बघायचं?"

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणजे कालचं पोरगं! पण बोलतो नीट. म्हणाला, आता मशीनचा आधार हळूहळू कमी करायचा. फार दिवस राहिलं तर नाजूक फुप्फुसांना मशीनच्या हवेचा दाब सोसत नाही. घाईने काढलं तर बाळ दमतं, आणि मग पुन्हा नळी घालावी लागते. "सायकल शिकवताना मागून सीट धरतो ना, आजी, तसं. कळू न देता सोडायची."

म्हटलं, "तिथे फार तर गुडघा फुटतो."

मग त्याने मशीनचा पडदा दाखवला. मशीनने आपणहून दिलेला श्वास — पांढरी रेघ. बाळाने स्वतः ओढायला सुरुवात केली आणि मशीनने फक्त हात दिला — हिरवी रेघ.

पांढरी, पांढरी, पांढरी... हिरवी! अंगावर काटा आला. कुणी शिकवलं याला? पाण्यातून आला, हवा कधी पाहिली नाही, आणि तरी ओढतोय!

आणि म्हणे याला कॉफीतलंच औषध देतात, श्वासाची आठवण राहावी म्हणून. आम्हाला बोर्डिंगात नन चहासुद्धा देत नसत!

६ फेब्रुवारी

हिरव्याच हिरव्या! ओळीने! मी डगल्यासकट बाहेर धावले. लेकीला दंडाला धरून आत आणलं. "बघ! सगळे त्याचे! स्वतःचे!"

तिने पहिल्यांदा पेटीच्या भोकातून हात घातला. त्याने तिचं बोट धरलं. ती हसली. बाळंत झाल्यापासून आजच.

७ फेब्रुवारी

लिहायचीसुद्धा लाज वाटते.

डॉक्टर आला, पडदा बघितला, कपाळाला हात लावला. मग नळी उचलून टिचकी मारली. मशीनची हवा दमट असते, तिचं पाणी नळीच्या खोलगट भागात साठलेलं. ते डुचमळायचं आणि मशीनला वाटायचं, बाळानेच श्वास ओढला. पाणी काढलं. पडदा पांढरा. "मीही फसलो सकाळी," म्हणाला. त्याचं फसणं काय चाटायचंय?

लेक तिथेच उभी होती. म्हणाली, "आई, तू पाण्याला नातू समजलीस." आणि बाहेर गेली.



९ फेब्रुवारी, रविवार

आता पडद्याकडे बघतच नाही. छातीकडे बघते. पोटाची खळगी आत जाते, फासळ्या उमटतात, मग नळीतून हवा येते. त्याचा श्वास आधी, मशीनचा मागून. हा खरा! मग विसरतो. श्वास घ्यायला विसरतो! माझ्या वर्गात पोरं वह्या विसरायची. सिस्टर तळपायाला हलकी टिचकी मारतात, आणि स्वारी दचकून पुन्हा कामाला लागते.

एवढा एक श्वास ओढायला सगळं अंग राबतं. मी दिवसभर फुकटचे घेते आणि त्यावर कटकट करते.

लेकीने विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "आहे." यापुढे माझ्या तोंडून तिला बातमी जाणार नाही. सांगायला गेले आणि पुन्हा पाणी निघालं तर ती या बाकावरून उठून घरीच जाईल.

१२ फेब्रुवारी

उद्या नळी काढून बघणार. मग नाकाशी नुसती हवा. ओढायचं त्याचं त्याने. दमला तर नळी परत. डॉक्टरने लेकीलाही समजावलं. ती म्हणाली, "मी बाहेरच थांबते."

मी तिच्याशेजारी बसले. मोसंबी सोलून दिली. बोलले नाही. दोघींनाही सवय नाही याची.

१३ फेब्रुवारी

काढली. आधी काहीच नाही. डॉक्टर वाकला, सिस्टर वाकल्या, मी श्वास रोखला. मग छाती उचलली — आणि आवाज! घोगरा, चिरका, खरखरीत, कुणाला आवडू नये असा!

"आजी, बाहेर सांगा ना!"

नाही सांगितलं. 'दार बंद ठेवा' अशी पाटी असलेलं ते दार सताड उघडलं आणि पाठीने रेटून उभी राहिले.

"आजी, दार!"

बाकावर लेकीची मान वर झाली.