मामाच्या पत्रिकेची शाई

३ फेब्रु.
प्राचीनं लातूरहून पेन पाठवलं. शाईचं, जाडजूड, सोनेरी निबचं. सोबत चिठ्ठी: "आई, माझ्या लग्नाच्या पत्रिकांवर स्टिकर नको. तुझ्या अक्षरात नावं पाहिजेत." रिटायर झाल्यापासून मी लिहिते ती फक्त किराण्याची यादी, तीही बॉलपेननं. हे म्हणाले, "घ्या, बाई पुन्हा ड्युटीवर!" दिवसभर उगाच खूश.

५ फेब्रु.
पहिली पत्रिका देवाची, दुसरी माझ्या दादाची. पोरीला बोहल्यावर मामानंच आणायचं असतं. पण दादा चार वर्षं बोलत नाही. आमच्या वास्तुशांतीचं आमंत्रण मी मोबाइलवर धाडलं होतं. निलंग्याहून एकच फोन आला: "सख्ख्या भावाला मोबाइलवर बोलावतीस व्हय गं?" चूक माझीच, कबूल. म्हणून ही पत्रिका हातानं लिहायची, हातानंच द्यायची.
निळ्या शाईत नाव झक्क उमटलं. मग सवयीनं बोट पाण्यात बुडवून कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. ओघळ सरळ नावावर. दादाचं अर्धं नाव वाहून गेलं! असं पाकीट त्याच्या हातात दिलं तर पुन्हा चार वर्षं...

६ फेब्रु.
ह्यांचे सल्ले सुरू. "आधी कुंकू लाव, मग लिही." नावच नाही तर कुंकू कुणाला लावू? "बरं, कोरडं लाव." कोरडं निलंग्यापर्यंत टिकतं होय! आणखी दोन पाकिटं वाया.

८ फेब्रु.
काळी आणली. ह्यांनी नाक मुरडलं, "लग्नकार्यात काळं?" हिरवी बघितली, तर म्हणे, "कलेक्टर झालीस का?"
इथं नांदेडात वजिराबादच्या दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, "वॉटरप्रूफ पायजे ना? मंग हीच न्या." नेली. चार ओळी लिहिल्या, पाणी टाकलं, अक्षर हललं नाही. मी तर नाचायचीच बाकी!

९ फेब्रु.
सकाळी पेन ठप्प. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय, चित्रकलेची शाई. तीस वर्षं पोरांना "आधी नीट वाचा" म्हणून ओरडले. निब कोमट पाण्यात. फार वाईट वाटलं, पोरीच्या पगाराचं पेन.

११ फेब्रु.
पेन वाचलं!! पाणी बदलून बदलून हात सुरकुतले.

१५ फेब्रु., लातूर
प्राचीसोबत साड्या. ती ब्लाउजपीस बघत होती तेवढ्यात मी सटकले, गोलाई चौकाजवळच्या वह्यांच्या जुन्या दुकानात. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले आजोबा. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावाचं नाव काय?" खालच्या फळीवरून निळी-काळी शाई काढली, बोरूनं 'विश्वनाथ' लिहिलं, वाळू दिलं, ओल्या बोटानं खसाखसा घासलं. नाव जागच्या जागी. "पेनातलीच हाय ताई, निब चोंदत न्हाई. फकस्त दर आठ दिवसाला धुत जावा."
रात्री ह्यांना फोन केला. म्हणाले, "अर्धी काळी चालती."

१७ फेब्रु., निलंगा
एकटीच गेले. लातूर-निलंगा एसटीत नव्या शाईत नाव लिहिलेली पत्रिका मांडीवर, पर्समध्ये घालवेना.
दादा ओसरीवर बसलेला. दाढी पांढरी झाली, मला कुणी सांगितलंच नाही. पाकीट घेतलं. नावावरून अंगठा फिरवला, कुंकवावरूनही. मग म्हणाला, "अक्षर काय सुधारलं न्हाई तुझं." मी हसले, आणि हसता हसता रडलेच. वहिनीनं चहा आणला. निघताना विचारलं, "येशील ना?" म्हणाला, "बघतो."

१८ फेब्रु., नांदेड
सकाळपासून नावं लिहितेय. पेन मस्त चालतंय.
'बघतो'चा अर्थ हे तिसऱ्यांदा विचारून राहिलेत. माझ्या मते, दादाला नाही म्हणायचं असतं तर तोंडावर म्हणाला असता. पण माझं मत काय, मी बहीण.
हे हळूच म्हणाले, प्राचीला बोहल्यावर आणायला दुसरं कुणी सांगून ठेवू या का?
म्हटलं, नको. दुसऱ्या कुणालाच सांगायचं नाही.